सातेरीच्या पेटीसाठी

देवा, आजवर तुझ्याकडे मागितलं ते घरापुरतं. आता माझं मागणं कुंपणाबाहेर गेलं आहे, आणि त्याला कारण माझी मैत्रीण.

ती महाबळेश्वरकडची. २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघर तिच्या जवळच. तिनं मला सातेरी माश्यांची एक नांदती पेटी दिली. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्यावर दाराला जाळी लावली आणि पेटी मांडीवर घेऊन रात्रीच्या जीपनं घाट उतरली. साडी दिली असती तर मी कपाटात ठेवली असती. तिनं हजारो जीव माझ्या हवाली केले आणि जाताना एवढंच म्हणाली, "यंदा मध काढू नकोस गं, त्यांना राहू दे."

तिला उदंड आयुष्य दे, देवा. स्वतःच्या वसाहतींतली सगळ्यात जोमदार तिनं मला दिली, हे मला नंतर कळलं.

किती शहाणपण घातलंस तू या एवढ्याशा जिवात! पेटीतल्या काळोखात, उभ्या पोळ्यावर नाचून एक माशी दुसरीला फुलांचा पत्ता सांगते. सूर्यापासून किती वळायचं ते नाचाच्या कोनात, किती लांब जायचं ते नाचाच्या वेळात. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली, त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. माझे मात्र ते वाचताना हात जोडले गेले ते तुझ्यापुढे.

कामकरी माशी भर हंगामात जेमतेम दीड महिना जगते. म्हणजे मैत्रिणीनं दिलेल्या माश्यांपैकी आता बहुधा एकही उरली नसेल. राणी तेवढी तीच. तरी पेटी भरलेली आहे, काम अडलेलं नाही. देवा, या राणीला सांभाळ. तिची अंडी, पिल्लं सांभाळ. मुंग्यांसाठी मी पेटीखालच्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आहेत. पोळ्यातला मेणकिडा आणि दारावर टपलेली गांधीलमाशी मात्र माझ्या हातच्या नाहीत, त्यांच्याकडे तू बघ.

आणि आता माझं मोठं मागणं. माझ्या माश्या माझ्या अंगणात राहत नाहीत. किलोमीटरभर तरी त्यांचा वावर. कुणाच्या बांधावरचं कारळं, कुणाच्या परसातला शेवगा, कुणाच्या वावरातले कांद्याचे डोंगळे. तेवढ्या सगळ्या शिवाराचं भलं झालं तरच माझ्या पेटीचं भलं. म्हणून त्या सगळ्यांसाठी मागते. खालच्या मळ्यात स्ट्रॉबेरी लागते. तिच्या फुलात पराग सगळीकडे पोचला नाही तर फळ वाकडंतिकडं धरतं आणि भाव पडतो. माझ्या माश्यांना त्या फुलांवर ने, म्हणजे त्या मळ्यातल्या माउलीचा माल सरळ येईल. औषध फवारणाऱ्याच्या मनात बुद्धी घाल. फूल लागलं असताना त्यानं हात आवरावा, आणि फवारल्यावाचून गत्यंतर नसेलच तर निदान ऊन कललं, माश्या घरी परतल्या की पंप पाठीवर घ्यावा. त्याच्यावर किडीचं संकटही इतकं आणू नकोस की त्याचा धीर सुटेल. कर्ज त्याच्याही डोक्यावर आहे.

मला धीर दे. चौकट उचलताना हात थरथरू देऊ नकोस. चांगला हंगाम लागून वसाहत वाढली, तर तिची दुसरी पेटी करून कुणाला तरी देण्याचं मन मला दे. ज्याला देईन तो माणूसही तूच दाखव.

सध्याचं मागणं पावसाचं. परतीचे ढग भरून आलेत आणि माळावर कारळं पिवळंधमक फुललंय. पाऊस नको असं म्हणवत नाही, वरच्या आळीतले लोक ज्वारीच्या ओलीसाठी तुझ्याकडेच डोळे लावून बसलेत. त्यांचं ऐक. पाड, पण रात्री पाड, आणि सकाळी माश्या बाहेर पडायच्या वेळेला ऊन दे.