सर्वांत छोटा लंब

एक समभुज त्रिकोण काढा, बाजू 12 सेंटिमीटरची. बाजूंचे मध्यबिंदू घ्या, मध्यगा काढा आणि मध्यगासंपात ठळक करा. तीन शिरोबिंदू, तीन मध्यबिंदू, एक संपात, असे सात बिंदू झाले. आता त्यांतले कोणतेही दोन जोडून पाहा. प्रत्येक बाजूवर तिसरा बिंदू भेटतो, प्रत्येक मध्यगेवरही भेटतो. मध्यबिंदूंना आपसांत जोडणाऱ्या तीन रेषांवर मात्र दोनच बिंदू राहतात. वर्गात ही आकृती फळ्यावर काढली की एखादी मुलगी विचारतेच, ‘सर, अजून थोडे बिंदू टाकून या तीन रेषा पण भरता येतील ना?’ मी खडू तिच्या हातात देतो. ती एक रेष भरते, तर नव्या बिंदूमुळे आणखी दोन रेषा रिकाम्या पडतात.

जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर यांनी 1893 मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये हाच प्रश्न घातला होता. सगळे बिंदू एकरेषीय नसतील, तर बिंदूंची कुठलीही सांत मांडणी घ्या, नेमके दोनच बिंदू असलेली एक तरी रेषा निघते, हे सिद्ध करा. त्यांनी ‘वास्तव’ बिंदू असे मुद्दाम म्हटले होते आणि त्या शब्दाला कारण होते. निर्देशक संमिश्र संख्या घ्यायला मुभा दिली, तर त्रिघाती वक्राचे नऊ नतिपरिवर्तन बिंदू असे बसतात की कोणत्याही दोहोंच्या रेषेवर तिसरा असतोच.

पुढची चाळीस वर्षे हा प्रश्न जवळजवळ विसरला गेला. 1933 मध्ये विशीतला पॉल एर्डिश हिल्बर्ट आणि कोन-फोसेन यांचे भूमितीवरचे पुस्तक वाचत असताना त्याला तोच प्रश्न स्वतंत्रपणे सुचला. सिल्व्हेस्टरचे कोडे त्याला ठाऊक नव्हते. सहज सुटेल असे वाटले, पण सुटेना. त्याने तो बुडापेस्टमधला मित्र टिबोर गलाई याला सांगितला आणि गलाईने सिद्धता शोधून काढली. 1943 मध्ये एर्डिशने हे कोडे ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मन्थली’त दिले, पुढच्या वर्षी उत्तर छापून आले. मेल्शियर या गणितज्ञाने 1941 मध्येच ऑयलरच्या सूत्रावरून नेमक्या दोन बिंदूंच्या रेषा किमान तीन असतात असे दाखवले होते, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मला मात्र जीव लावून शिकवावीशी वाटते ती गणितज्ञ केली यांची सिद्धता. कॉक्सिटर यांनी ती 1948 मध्ये प्रसिद्ध केली आणि तिला लागते फक्त दहावीची समरूपता. मांडणीतल्या किमान दोन बिंदूंतून जाणारी प्रत्येक रेषा घ्या, तिच्याबाहेरचा प्रत्येक बिंदू घ्या आणि बिंदूपासून रेषेवर लंब टाका. लंब पुष्कळ होतील, पण मोजता येण्याइतकेच. म्हणून त्यांत एक सर्वांत छोटा असणारच. तो ‘प’ बिंदूपासून निघाला आणि रेषेला ‘ल’पाशी टेकला असे धरा. आता समजा, त्या रेषेवर तीन बिंदू आहेत. ‘ल’च्या दोनच बाजू, तेव्हा तिघांतले दोन एकाच बाजूला येणार (एखादा ‘ल’वरच असला तरी चालेल). जवळचा तो ‘ब’, लांबचा तो ‘क’. ‘प’ आणि ‘क’ जोडा आणि ‘ब’पासून त्या रेषेवर लंब टाका. ‘क’पाशी कोन सामाईक, दुसरा काटकोन, म्हणजे कोको कसोटीने दोन त्रिकोण समरूप. लहान त्रिकोणाचा कर्ण ‘बक’, मोठ्याचा ‘पक’, आणि ‘बक’ नक्कीच लहान. त्यामुळे नवा लंब ‘पल’हूनही छोटा निघतो. पण ‘पल’ तर सर्वांत छोटा म्हणूनच निवडला होता! म्हणजे त्या रेषेवर तिसरा बिंदू नाहीच.

आपल्या त्रिकोणात पट्टी लावून बघा. सर्वांत छोटा लंब मध्यगासंपातापासून मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर पडतो, सुमारे 1.73 सेंटिमीटर. दोन बिंदूंची रेष तीच.

प्रश्नात लांबीचा उल्लेखच नाही, तरी सिद्धता लांबीवर चालते. कॉक्सिटर यांना हे खटकले आणि त्यांनी फक्त ‘कोण कोणाच्या मधे’ एवढ्यावर चालणारी सिद्धता दिली. त्यांचा आग्रह मला पटतो. आपल्याच आकृतीत तीन मध्यबिंदूंमधून एक वर्तुळ काढा आणि त्यालाच ‘रेषा’ म्हणा. सात बिंदू, सात रेषा, प्रत्येकीवर तीन बिंदू. यालाच फानोचे प्रतल म्हणतात. तिथे ‘मधे’ या शब्दाला अर्थ उरत नाही आणि प्रमेयही टिकत नाही. तरीही वर्गात मी सुरुवात लंबानेच करतो, कारण मुलांच्या डोळ्यांसमोर तोच उभा राहतो.

मग पुढचा प्रश्न आला, नेमके दोनच बिंदू असलेल्या रेषा किती? 1958 मध्ये केली आणि मोझर यांनी दाखवले की बिंदूंच्या संख्येच्या किमान तीनसप्तमांश. 2013 मध्ये बेन ग्रीन आणि टेरेन्स टाओ यांची सिद्धता प्रसिद्ध झाली. बिंदू पुरेसे जास्त असतील तर अशा रेषा त्यांच्या निम्म्याहून कमी कधीच नसतात. अशा रेषा फार थोड्या असतील, तर बहुतेक सगळे बिंदू एका त्रिघाती वक्रावर येतात, हा त्या सिद्धतेचा गाभा. सिल्व्हेस्टर यांना ‘वास्तव’ हा शब्द घालावा लागला तो अशाच वक्रामुळे.

‘पुरेसे जास्त’ ही अट काढून टाकता येत नाही. तेरा बिंदूंची एक मांडणी निम्म्याच्या नियमात बसत नाही, तिच्यात सहाच रेषा निघतात. दुसरी सात बिंदूंची. साडेतीन हवेत, तिथे तीनच. ती म्हणजे फळ्यावरचा आपला त्रिकोण, त्याच्या मध्यगांसकट.