घास कोणासाठी?

दिवाळीच्या दिवसांत आग्रह हा आपल्याकडे गुण मानला जातो. 'आणखी एक करंजी घ्याच' असे म्हटल्यावाचून यजमानीणबाईंना चैन पडत नाही, आणि ताटावर हात आडवा धरणारा पाहुणा शिष्ट ठरतो. पण अन्न नाकारणारा माणूस प्रत्येक वेळी आपल्या प्रेमालाच नाकारत असतो काय?

माझ्या वर्गात एक स्वमग्न मुलगा आहे. मधल्या सुट्टीत तो रोज कोरडी पोळी आणि केळे खातो. पोळीला भाजीचा रस लागला, की डबा बंद! 'दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल,' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा उपदेश कणखर वाटतो. पण तो फसवा आहे. अनेक स्वमग्न माणसांना वास, चव, स्पर्श आपल्याहून फार तीव्र जाणवतात, आणि काहींना तर भूक लागल्याचे नीट कळतच नाही. उपासाने तिथे शहाणपण कसे येणार?

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांची हकीगत लिहिली, तेव्हाच त्यांतल्या अनेकांच्या खाण्याच्या अडचणी नोंदवल्या होत्या. अन्न टाळण्याच्या अशा विकाराला २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारांच्या सूचीत 'आर्फिड' हे नाव मिळाले. त्यात लठ्ठ होण्याची भीती नसते. ती भीती असणाऱ्या अॅनोरेक्सियाच्या रुग्णांतही स्वमग्न माणसे आढळतात. लंडनच्या मॉड्स्ली आरोग्यसंस्थेतील तज्ज्ञांनी अशांसाठी वॉर्डाचे रंग सौम्य केले आणि साध्या चवीचे वेगळे जेवण ठेवले. रुग्णाला बदलण्याआधी त्यांनी खोली बदलली!

मग मुलाला त्याच्या मर्जीवर सोडून द्यावे काय? मुळीच नाही. वजन घटते, वाढ खुंटते. जीवनसत्त्वांच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते, क्वचित दृष्टीही जाते. अशा वेळी 'त्याची इच्छा' म्हणून स्वस्थ बसणे हा आदर नव्हे, ती हेळसांड आहे. डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

मला वाटते, भेद हेतूत आहे. त्याने जगावे, धडधाकट व्हावे, म्हणून केलेली खटपट हा उपचार. त्याने चारचौघांसारखे जेवावे, म्हणून केलेली बळजोरी हा आपला अहंकार. उपासमार बरी करायची असते, वेगळेपण नव्हे.

तेव्हा यंदा फराळाच्या पंगतीत असे मूल असेल, तर त्याची कोरडी पोळी इतरांच्या चकलीइतक्याच मानाने वाढावी. शेजारच्या वाटीत हवे तर एखादा नवा पदार्थ ठेवावा. त्याने तो नुसता हुंगला, तरी पुरे!