कौल बदलला, पुढे?

अमेरिकेतील मेन राज्यात २००९ साली समलिंगी विवाहाचा कायदा सुमारे ५३ टक्के मतदारांनी रद्द केला. २०१२ साली जवळपास तेवढ्याच मतांनी तो तिथेच मंजूर झाला. विवाह हा संस्कार मतपेटीतून आलेला नाही, असे आपण मानतो. मग पहिल्या निकालातही देवाचा कौल शोधायला नको होता!

या मधल्या काळात कायद्याचे समर्थक दारोदार जाऊन मतदारांशी बोलत राहिले. त्यांतली कित्येक घरे कॅथलिकांची असणार. तिथे कुणाच्या मुलाची, कुणाच्या बहिणीची गोष्ट निघाली असेल. आपल्या धर्मग्रामातील अशा मुलाचे आईवडील मिस्सा संपल्यावर कुणापाशी मन मोकळे करतात?