आधी पडद्यावर, मग जमिनीवर

बांधकाम हा कापड किंवा मोटारींसारखा कारखान्यात चालणारा उद्योग नाही. प्रत्येक इमारत वेगळ्या जमिनीवर, वेगळ्या गरजेसाठी आणि उघड्या आभाळाखाली उभी राहते. वास्तुविशारद, संरचना अभियंते, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, मुकादम एका कामापुरते एकत्र येतात आणि काम संपले की पांगतात. त्यामुळे माहितीही पांगते. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार, आधीच्या दोन दशकांत जगाच्या एकूण अर्थव्यवस्थेत श्रमाची उत्पादकता वर्षाला २.८ टक्क्यांनी वाढली. बांधकामात मात्र जेमतेम १ टक्क्याने. डिजिटल तंत्रज्ञानाचे या क्षेत्रातील खरे काम ही विखुरलेली माहिती एकत्र आणण्याचे आहे.

संगणकाने रेखाटनाचे काम बदलले. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि पुढे ड्रॉइंग बोर्ड व ट्रेसिंग पेपर मागे पडले. तरीही नकाशातली रेघ रेघच राहिली. ती भिंतीची आहे की नळाची, हे संगणकाला कळत नव्हते. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेतून पुढे विकसित झालेल्या ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अर्थात बिम पद्धतीने ही उणीव दूर केली. बिममधली भिंत आपली जाडी, साहित्य आणि किंमत सोबत बाळगते. खिडकी सरकवली की आराखडा, छेदचित्र आणि साहित्याचे परिमाण एकाच वेळी बदलते.

याचा मोठा लाभ चुका लवकर सापडण्यात आहे. तुळई आणि वातानुकूलनाचा डक्ट एकाच जागी येत असल्याचे पूर्वी स्लॅब पडल्यावर लक्षात येई आणि मग काँक्रीट फोडावे लागे. आता हा संघर्ष पडद्यावरच दिसतो व तिथेच मिटतो. त्रिमितीय प्रतिमानाला वेळापत्रक आणि खर्च जोडला की त्याला ‘फाइव्ह-डी बिम’ म्हणतात. नागपूर मेट्रोच्या उभारणीत ते वापरले गेले. ब्रिटनने एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी बिम सक्तीचे केले.

साइटवरही मोजमापाची साधने बदलली. ड्रोन खोदाई-भरावाचे घनफळ मोजतो, तर लेझर स्कॅनर बांधलेला भाग आराखड्याशी ताडून पाहतो. काँक्रीटच्या ताकदीसाठी ७ आणि २८ दिवसांच्या ठोकळ्यांची चाचणी आजही प्रमाण मानली जाते. पण स्लॅबमध्ये पुरलेले तापमानसंवेदक ती ताकद कितपत आली याचा अंदाज आधीच देतात. त्यामुळे सेंटरिंग कधी काढायचे, हे केवळ दिवस मोजून ठरवावे लागत नाही.

प्रत्यक्ष उभारणीतले यांत्रिकीकरण मात्र अजून मर्यादित आहे. बेंगळुरूत ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झालेले, १,०२१ चौरस फुटांचे टपाल कार्यालय त्रिमितीय छपाईने दीड महिन्याच्या आत बांधले गेले. यंत्र काँक्रीटचे थर रचून भिंती उभारते. दारे-खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग ही कामे माणसेच करतात.

खरा अडसर माहिती उघडी करण्याच्या तयारीचा आहे. सामायिक प्रतिमानात कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते. परिमाणे झाकून ठेवण्यात किंवा विलंबाचे खापर दुसऱ्यावर फोडण्यात ज्याचा फायदा आहे, त्याला ही नोंद नकोच असते. अशा वेळी कायद्याचा रेटा लागतो. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर विकासकाला प्रकल्पाच्या प्रगतीचा तपशील दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो. इथे तंत्रज्ञान साधेच आहे; ग्राहकाला बळ मिळते ते त्यामागच्या सक्तीमुळे.

दुसरा प्रश्न मजुरांचा. नाक्यावरून रोजंदारीवर येणाऱ्या बिगाऱ्यापर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही आणि गवंड्याचे अनुभवसिद्ध ज्ञान प्रतिमानात उतरत नाही. प्रतिमान अचूक असले तरी ओळंबा धरणारा हात अप्रशिक्षित असेल, तर भिंत वाकडीच उभी राहणार. म्हणूनच सॉफ्टवेअरवरील खर्चाला कामगारांच्या प्रशिक्षणाची आणि माहिती वाटून घेण्यास भाग पाडणाऱ्या करारांची जोड लागते. ती नसेल तर प्रतिमान निविदेसोबत जोडलेल्या चित्रापुरते उरते आणि साइटवरचे काम जुन्याच पद्धतीने चालू राहते.