न दिसलेले पाऊल



बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या धर्मग्रामाच्या क्रीडादिनी मुलींची जलद चालण्याची शर्यत होती आणि पंच म्हणून मला उभे केले होते. मैदानाला तीन फेऱ्या. “धावली की बाद करा, सर,” एवढाच नियम मला सांगण्यात आला होता. तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर सर्वांत पुढे असलेली मुलगी मला धावताना दिसली. मी शिट्टी वाजवून तिला बाजूला घेतले. ती रडवेली होऊन म्हणाली, “सर, मी धावले नाही. चाललेच.” मी म्हणालो, “मी पाहिलं ना!” त्यावर ती काय बोलणार? बक्षीस दुसरीला मिळाले. मुलीची आई लांबून माझ्याकडे पाहत होती, ती नजर अजून आठवते.

“मी पाहिलं” हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतो! पुढे चालण्याच्या शर्यतीविषयी वाचू लागलो, तेव्हा कळले की जगातले जाणकार पंचसुद्धा हे शब्द फार जपून वापरतात. त्या खेळाने एक प्रश्न माझ्यापुढे उभा केला. आज तो तुमच्यापुढे ठेवतो: जी चूक कुणालाच दिसली नाही, ती चूक असते का? आणि जी आपल्याला ‘दिसली’, ती खरोखरच घडलेली असते का?

आधी हा खेळ थोडा समजून घेऊ. ऑलिम्पिकमधील चालण्याची शर्यत म्हणजे सकाळचा फेरफटका नव्हे. पन्नास किलोमीटरचे अंतर उत्तम चालणारे पावणेचार तासांच्या आत संपवत असत, म्हणजे ताशी तेरा किलोमीटरहून अधिक वेग. आपल्यातील बहुतेकांना एवढ्या वेगाने दहा मिनिटे धावणेही जमणार नाही. त्यासाठी हे खेळाडू वर्षानुवर्षे आठवड्याला शंभराहून अधिक किलोमीटर चालतात. कंबर वळवत, हात झपाझप हलवत जाणारी त्यांची ती चाल पाहून लोक हसतात. पण ती चाल तशी असते ती नियमामुळेच.

नियम दोनच आहेत. पहिला: एक पाय तरी सतत जमिनीला टेकलेला हवा. दुसरा: पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ उभे येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी पंच उभे असतात. शंका आली तर ते पिवळी पाटी दाखवून सावध करतात. खात्री पटली तर लाल कार्ड भरून मुख्य पंचाकडे पाठवतात.

आता गंमत पाहा. वेगवान कॅमेऱ्याने चित्रीकरण करून ते सावकाश पाहिले, तर या शर्यतीत पहिल्या येणाऱ्या बहुतेक सर्वांचे दोन्ही पाय सेकंदाच्या काही शतांश भागापुरते हवेत असतात! मग सगळेच लबाड म्हणायचे का? नाही. कारण नियमातच असे लिहिले आहे की, जमिनीशी संपर्क सुटलेला माणसाच्या डोळ्याला दिसता कामा नये. न्याय डोळ्याने करायचा, कॅमेऱ्याने नव्हे.

काहींना हा ढोंगीपणा वाटतो. मलाही आधी तसे वाटले. पण विचार केल्यावर त्यातले शहाणपण दिसू लागले. माणसाला जे पाळता येते आणि माणसाला जे पारखता येते, तेवढेच त्याच्याकडून मागायचे, असा हा नियम आहे. चाळीस हजारांहून अधिक पावले टाकताना प्रत्येक पावलाचा शतांश सेकंद कोण सांभाळू शकेल? शरीराची धडपड मर्यादेला भिडते तेव्हा जे नकळत घडते, त्याला आपण अपराध म्हणत नाही. अपराधासाठी जाणीव लागते, इच्छा लागते, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणातच शिकलो आहोत.

पण इथेच एक बारीक पायवाट फुटते. ‘माझ्या नकळत पाय सुटला’ आणि ‘या वळणावर पंच नाही, इथे थोडे धावून घेऊ’, या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतील, किंवा सारख्याच दिसणार नाहीत. फरक फक्त चालणाऱ्याला ठाऊक. डोळ्याला मर्यादा आहे म्हणून नियम सौम्य केला, हा माणुसकीचा भाग झाला. डोळ्याला मर्यादा आहे म्हणून तिचा फायदा उठवला, ही लबाडी झाली.

या लबाडीने हा खेळही पोखरला गेला. 2008 साली बीजिंग येथे पन्नास किलोमीटरचे सुवर्णपदक इटलीच्या अ‍ॅलेक्स श्वाझरने जिंकले. 2012 साली लंडन ऑलिम्पिकच्या तोंडावर तो उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला आणि त्याने ते घेतल्याची कबुली दिली. त्याच लंडनमध्ये रशियाचा सर्गेई किर्द्यापकिन पहिला आला आणि ऑस्ट्रेलियाचा जॅरेड टॅलेंट दुसरा. पुढे किर्द्यापकिनचा गैरप्रकार सिद्ध झाला आणि सुवर्णपदक टॅलेंटला मिळाले, पण केव्हा? 2016 साली, मेलबर्नमध्ये. चार वर्षे उशिरा! त्याच्या हक्काचा तो लंडनमधला क्षण कोण परत देणार? न दिसलेल्या चुकीची किंमत बहुधा अशी दुसराच कोणी मोजत असतो. ‘कुणाचं काय नुकसान झालं?’ असे आपण म्हणतो, तेव्हा हा दुसरा माणूस आपण विसरलेले असतो.

आता पंचाच्या बाजूने पाहू. 2000 सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या वीस किलोमीटर शर्यतीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल सर्वांत पुढे होती. स्वतःचे शहर, आत घरचे लोक वाट पाहत आहेत, आणि स्टेडियमच्या दाराशी पोचते तोच तिला लाल पाटी दाखवण्यात आली. बाद! त्याच स्पर्धेत मेक्सिकोच्या बर्नार्डो सेगुराने पुरुषांच्या शर्यतीत अंतिम रेषा सर्वांआधी ओलांडली, आनंद साजरा केला, आणि नंतर त्याला कळले की आपण बाद आहोत. सुवर्णपदक पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीला गेले. हा कोझेनिओव्स्की स्वतः 1992 साली बार्सिलोनात दुसऱ्या क्रमांकावर असताना स्टेडियमच्या तोंडाशीच बाद झाला होता! त्याने खेळ सोडला नाही, चाल सुधारली आणि चार ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवली. जेन सॅव्हिलही परतली आणि 2004 साली अथेन्समध्ये तिने कांस्यपदक मिळवले.

हे निर्णय बरोबर होते की चूक, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. पण ते कसे घेतले जातात हे महत्त्वाचे आहे. एकटा पंच आपल्या एका लाल कार्डाने कुणाचीही शर्यत संपवू शकत नाही. तीन वेगवेगळ्या पंचांनी, एकमेकांशी न बोलता, आपापल्या जागेवरून तीच खात्री करून घेतलेली असावी लागते. आता बऱ्याच शर्यतींत तीन कार्डे झाल्यावरही खेळाडूला काही मिनिटे बाजूला थांबवून पुन्हा चालू देतात आणि चौथे कार्ड आले तरच बाद करतात. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला दोषी धरू नये, हा दंडक जुन्या करारातही आहे. आणि आपण? शेजारच्या मुलीला कुणाशी तरी बोलताना एकाने पाहिले की संध्याकाळपर्यंत गावभर निकाल लागलेला असतो. ना पिवळी पाटी, ना दुसरा पंच! मीही त्या दिवशी मैदानावर एकटाच होतो आणि मला एकदाही शंका आली नव्हती.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येतो. कॅनडाचा इव्हान डन्फी. 2016 सालच्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत तो तिसऱ्या क्रमांकासाठी झुंजत होता. शेवटच्या टप्प्यात जपानचा हिरूकी अराई त्याला मागे टाकून जात असताना दोघांचा धक्का लागला. डन्फीची लय बिघडली. अराई तिसरा आला, डन्फी चौथा. फरक 14 सेकंदांचा, तोही साडेतीन तासांहून अधिक चालल्यावर. कॅनडाच्या संघाने तक्रार केली, अराई बाद ठरला आणि कांस्यपदक डन्फीचे झाले. मग जपानने अपील केले आणि निर्णय पुन्हा फिरला. अराई तिसरा, डन्फी चौथा.

डन्फीपुढे अजून एक दार उघडे होते. क्रीडा लवादाकडे दाद मागण्याचा त्याला हक्क होता. त्याने तो वापरला नाही. असा धक्का या शर्यतीत लागतोच, असे त्याने जाहीर सांगितले. दाद मागून पदक मिळाले असते, तरी ते आपण स्वच्छ मनाने घेऊ शकलो नसतो, असेही तो म्हणाला. चालण्याच्या शर्यतीतील जपानचे ते पहिलेच ऑलिम्पिक पदक होते. ते अराईकडेच राहिले.

काहीजण म्हणतील, ‘किती उदार मनाचा माणूस!’ मला हा शब्द पुरेसा वाटत नाही. उदारपणा म्हणजे आपले असलेले दुसऱ्याला देणे. डन्फीने स्वतःचे पदक दान केले नाही. ते आपले नाही, एवढेच त्याने ओळखले. हा उदारपणा नव्हे, हा न्याय. आणि न्याय जास्त कठीण, कारण उदारपणाची लोक वाहवा करतात, तर न्यायाने वागणाऱ्याला ‘हक्क होता, मूर्खासारखा सोडला’ असे ऐकावे लागते. कागदावर मिळू शकणारी प्रत्येक गोष्ट आपली नसते. वडिलोपार्जित जागेच्या वाटणीत बहिणीने कोऱ्या कागदावर सही केलेली असते, सगळे ‘कायद्यात बसते’. दुकानदाराकडून चुकून पन्नास रुपये जास्त आलेले असतात, मागायला कुणी येणार नसते. अशा वेळी लवाद बाहेर नसतो, आतच असतो. त्यालाच आपण सद्सद्विवेकबुद्धी म्हणतो.

पुढे काय झाले तेही सांगतो. 2021 साली पन्नास किलोमीटरची शर्यत ऑलिम्पिकमध्ये शेवटची झाली, जपानच्याच सापोरो शहरात. तिथे अगदी शेवटच्या टप्प्यात एकाला मागे टाकून डन्फीने कांस्यपदक मिळवले. सप्टेंबर 2025 मध्ये, वयाची पस्तिशी पूर्ण व्हायला दोन आठवडे असताना, टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पस्तीस किलोमीटरचे सुवर्णपदकही त्याने जिंकले. हे वाचून आनंद होतो. पण ‘पाहा, चांगल्याचे चांगलेच होते’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. सापोरोत तो पुन्हा चौथा आला असता, तर रिओमधला त्याचा निर्णय चुकीचा ठरला असता का? मुळीच नाही. बक्षिसावर नजर ठेवून केलेला प्रामाणिकपणा हाही शेवटी एक व्यवहारच.

आता माझी गोष्ट पुरी करतो. गेल्या महिन्यात ती मुलगी मला स्टेशनवर भेटली. आता नोकरीला जाते. मी धीर करून विषय काढला. म्हणालो, “बाळा, त्या दिवशी मी फार घाईने शिट्टी वाजवली. मला आता खात्री नाही. मला क्षमा कर.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, तुम्ही जिथे शिट्टी वाजवली तिथे मी खरंच चालत होते. पण त्याच्या आधीच्या वळणावर, आंब्याच्या झाडामागे, मी धावले होते. तिथे तुम्ही नव्हता. घरी आईला सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहून गेलं.”

तेवढ्यात तिची गाडी आली. मी फलाटावर उभा राहून विचार करत राहिलो. म्हणजे माझा निकाल बरोबर होता का? मला तसे वाटत नाही. चुकीच्या जागी वाजवलेली शिट्टी योगायोगाने योग्य माणसाला लागली, म्हणून ती न्यायाची होत नाही. मी न घडलेले पाहिले होते आणि घडलेले मला दिसले नव्हते. पण ज्या वळणावर कुणीच पंच नव्हता, तिथेही एक साक्षीदार होता, आणि तिनेच इतक्या वर्षांनी, न विचारता, साक्ष दिली.

तेव्हा या आठवड्यात दोन गोष्टी करून पाहू या. दुसऱ्याविषयी ‘मी पाहिलं ना!’ असे म्हणण्याआधी आपण एकटेच पंच आहोत का, हे स्वतःला विचारू. आणि आपल्या आंब्याच्या झाडामागचे वळण कोणते, हेही एकदा शांतपणे आठवून पाहू.