गोष्ट दुसऱ्याची, हात आपले

'द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन' हा गेम २००६ मध्ये आला. सुरुवातीला आपण तुरुंगात असतो. कोणत्या गुन्ह्यासाठी, ते शेवटपर्यंत कळत नाही. सम्राट युरिएल सेप्टिम मारेकऱ्यांपासून जीव वाचवत पळतो आहे आणि त्याच्या सुटकेची गुप्त वाट नेमकी आपल्या कोठडीतून जाते. मरण्यापूर्वी तो स्वतःच्या गळ्यातलं राजचिन्ह आपल्या हाती सोपवतो. ते आपल्या पिशवीत राहतं, आपण ते घेऊन गावोगाव हिंडतो, पण गळ्यात घालायला गेलं तर घालता येत नाही. ते सेप्टिम वंशाच्या माणसासाठीच आहे. तो माणूस, मार्टिन, क्वाच नावाच्या शहरात साधा पुजारी आहे आणि आपण कोणाचे आहोत हे त्याचं त्यालाही माहीत नाही. त्याला शोधायचं, जगवायचं, त्याला लागेल ते आणून द्यायचं, एवढं आपल्या वाट्याला येतं. शेवटी राजधानीवर संकट कोसळतं तेव्हा मार्टिन ते राजचिन्ह फोडतो, अग्निमय ड्रॅगनचं रूप घेतो आणि लढून पाषाण होतो. कितीतरी तास खेळलेला माणूस त्या निर्णायक लढाईत बाजूला उभा राहून बघत असतो.

पुष्कळ खेळाडूंना हे खटकलं. मला हा शेवट व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या मोठ्या धाडसांपैकी एक वाटतो. गेमच्या माध्यमाने एक समजूत फार लवकर पक्की करून टाकली : ज्याच्या हातात कंट्रोलर, त्याचीच गोष्ट. खरं तर करणारा वेगळा आणि ज्याची गोष्ट तो वेगळा, असं होऊ शकतं. प्रत्यक्ष आयुष्यात तर बहुतेक वेळा असंच होतं.

ही समजूत आली कुठून? रोल-प्लेइंग गेमचा उगम टेबलाभोवती आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार-पाच जण भोवती बसायचे, एक जण जग सांभाळायचा, बाकीचे आपापलं पात्र. तिथे कोणी एकटा नायक नसे. दुसऱ्याची पाळी असताना थांबायचं, ऐकायचं, आपलं पात्र जखमी होऊन कोपऱ्यात पडलं असलं तरी मित्राच्या पात्राच्या फाशाकडे जीव मुठीत धरून बघायचं, हा त्या खेळाचा निम्मा भाग होता. मग तोच खेळ संगणकावर आला आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एकच खेळाडू उरला, म्हणून एकच नायक उरला. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळाडू थेट एका पुराणवीराचा वंशज असतो. तेव्हापासून 'निवडलेला' माणूस हा या प्रकाराचा जणू नियमच झाला.

याला तांत्रिक कारणही आहे. गेममधलं जग खेळाडूची वाट बघत असतं. नरकाची दारं उघडली आहेत, शहर जळतं आहे, आणि आपण डोंगरावर औषधी वनस्पती गोळा करत महिनाभर हिंडलो तरी काही बिघडत नाही. आपण पोहोचल्याशिवाय पुढचा प्रसंग घडतच नाही. ज्या जगाचं घड्याळ आपल्या पावलांवर चालतं, त्या जगाचा मध्यबिंदू आपण नाही असं कथेने कितीही सांगितलं तरी शरीराला ते पटत नाही. 'ऑब्लिव्हियन'मध्येही मार्टिन हवं तितकं थांबतो. तिथे कथा एक सांगते आणि यंत्रणा दुसरं सांगते.

मराठी वाचकाला मध्यबिंदू हलवण्याची सवय आहे. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली. तिच्यात कर्ण स्वतः बोलतो, तशी कुंती बोलते, वृषाली बोलते, शोण आणि दुर्योधनही बोलतात. तीच कथा निरनिराळ्या डोळ्यांतून दिसते. पण कादंबरी आपल्याला डोळे देते, हात देत नाही. शोणाच्या नजरेने कर्णाकडे बघताना आपल्याला काही करावं लागत नाही. गेममध्ये करावं लागतं. दुसऱ्याच्या गोष्टीत आपले हात घालायचे, त्या हातांचे परिणाम बघायचे आणि तरीही गोष्ट आपली नाही हे मान्य करायचं, हा अनुभव देणारं दुसरं कथामाध्यम मला तरी माहीत नाही.

या प्रकाराचं सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे 'फायनल फँटसी १२'. हाही २००६ चाच. डाल्मास्का नावाचं छोटं राज्य आर्केडिया साम्राज्याने गिळलं आहे. राजकन्या अ‍ॅश विधवा आहे, जगाच्या लेखी मेलेली आहे आणि भूमिगत राहून बंडाची सूत्रं हलवते आहे. सेनापती बाश याच्यावर स्वतःच्याच राजाच्या खुनाचा आळ आहे. सूड, वारसा, विश्वासघात, सगळं या दोघांकडे. आणि आपल्याला मिळतो वान : रॅबनास्टर शहरातला सतरा वर्षांचा अनाथ पोरगा, मिगेलोच्या दुकानात पडेल ते काम करणारा, साम्राज्याच्या शिपायांचे खिसे कापणारा.

निर्मात्यांच्या सांगण्यानुसार आधी नायक बाशच असणार होता. त्यांच्या आधीच्या 'व्हेग्रंट स्टोरी'तला प्रौढ, भारदस्त नायक लोकांना फारसा रुचला नव्हता, म्हणून तरुण मुलगा पुढे आणला गेला. कारण निव्वळ बाजाराचं. वानवर टीकाही खूप झाली. तो नसता तरी कथा चालली असती, असं आजही म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. वानला काढलं तर डाल्मास्काची कथा उरते, पण डाल्मास्का उरत नाही.

सुरुवात आठवून बघा. गेम सुरू होताना आपण वान नसतोच. आपण असतो त्याचा मोठा भाऊ रेक्स, नालबिनाच्या किल्ल्यावर पाठवलेला कोवळा सैनिक. त्याच्याकडून आपण चालायला शिकतो, लढायला शिकतो, आणि तो भोसकला जातो. पुढे जग ज्याला राजहत्येचं प्रकरण म्हणून ओळखतं, त्यात रेक्स हा फक्त एक साक्षीदार. वानसाठी मात्र तेवढंच घडलेलं असतं. दोन वर्षांनंतर आपण रॅबनास्टरच्या बाजारात उभे असतो. नवा राज्यपाल व्हेन गोड भाषण करतो आणि जिंकलेल्या शहरातले लोक त्याला टाळ्या देतात. त्या गर्दीत वान आहे. शहराच्या पोटात, जुन्या गोदामांच्या जागी, लोटाऊन नावाची वस्ती आहे. साम्राज्य आल्यावर मूळ रहिवाशांना वरून तिथे ढकललं गेलं. राजकन्येच्या नजरेतून ही गोष्ट सांगितली असती तर लोटाऊन हा लपण्याचा एक टप्पा ठरला असता. वानच्या पायांनी ते घर होतं.

मग भुजेर्बा. आकाशात तरंगणारं हे शहर, आणि इंग्रजी आवृत्तीत तिथले लोक बोलता बोलता 'भद्र' म्हणतात, वाटाड्यांना 'परिजन' म्हणतात. आपल्या कानाला ते सुखावतं. तिथल्या बंडखोरांचं लक्ष वेधायचं असतं, म्हणून वान भर रस्त्यात ओरडत फिरतो की मीच कॅप्टन बाश. हा प्रसंग अनेकांना थिल्लर वाटतो. मला तो या गेमचा गाभा वाटतो. खेळाडू दुसऱ्याचं नाव घेऊन चौकाचौकांत बोंब मारतो, लोक थबकतात, एक पट्टी हळूहळू भरत जाते. आपल्या नावाला इथे काही किंमत नाही, पण आपल्या आवाजाला आहे. शिवाय ज्याच्या नावाने ओरडायचं, तोच आपल्या भावाचा खुनी अशी वानची कालपरवापर्यंत खात्री होती.

या गेममधली लढाईसुद्धा त्याच वृत्तीची आहे. तिथे 'गॅम्बिट' नावाची व्यवस्था आहे. सोबत्याची ताकद सत्तर टक्क्यांखाली गेली तर उपचार कर, अमुक शत्रू दिसला तर अमुक मंत्र टाक, असे नियम आधी लावून ठेवायचे आणि मग पात्रं आपापली लढतात. गेम स्वतःच खेळतो, अशी तक्रार झाली. पण नियम नीट लावणं म्हणजे प्रत्येक सोबत्याला काय लागेल याचा आधी विचार करणं. घाव घालण्यापेक्षा हे काम मोठं आहे.

आणि शेवटाकडचा तो मनोरा, फॅरोस. अ‍ॅशच्या समोर अफाट संहारक शक्ती आहे. ती घेतली तर साम्राज्य बेचिराख करता येईल. तिच्या मृत नवऱ्याची आकृती तिला तिकडेच ढकलते आहे. त्या क्षणी वान बोलतो : माझा भाऊ गेला, सूड घेऊन तो परत येणार नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसांत हे बोलण्याचा अधिकार त्याच्याइतका कोणाला होता? त्याच्याकडे सिंहासन नाही, वारसा नाही, परत मिळवण्यासारखं काहीच नाही. निर्णय अ‍ॅशच घेते आणि ती ती शक्ती नाकारते. वान ठरवत नाही, ठरवणाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. सारथ्याचं माहात्म्य जाणणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. फरक एवढाच की वानला गीता सांगता येत नाही. त्याच्याजवळ फक्त स्वतःचं दुःख आहे, आणि तेच उपयोगी पडतं.

सगळं आटोपल्यावरचा वृत्तान्त आपल्याला पत्रातून कळतो. तो लिहिते पेनेलो, वानची मैत्रीण, म्हणजे त्याच्याहूनही कडेला उभी असलेली मुलगी.

कोणी म्हणेल, बघतच राहायचं असेल तर सिनेमा बघावा. याचं उत्तर २००१ च्या 'फायनल फँटसी १०'मध्ये आहे. युना ही तरुणी 'सिन' नावाच्या महासंकटाचा नाश करण्यासाठी बेसेड बेटापासून झानार्कंडपर्यंत यात्रेला निघते. आपण तिचा सोबती टीडस. तो दुसऱ्या जगातून आलेला, इथल्या रीतींची काहीच माहिती नसलेला. तो तिला हसवतो, यात्रेनंतर काय काय करू याचे बेत सांगतो, चल लवकर म्हणून पुढे ओढतो. कंट्रोलर आपल्या हातात असतो, प्रत्येक पाऊल आपण टाकलेलं असतं. अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर कळतं की यात्रा पूर्ण करणारा जगत नाही. युनाला हे माहीत होतं, सोबतच्या सगळ्यांना माहीत होतं, एकट्या टीडसला नव्हतं. सिनेमा बघताना अशा वेळी वाईट वाटतं. इथे अपराधी वाटतं, कारण तिला मरणाकडे चालवत नेणारी बोटं आपली होती. निर्मात्यांनी २००३ मध्ये पुढचा भाग काढला, त्यात खेळायला थेट युनाच दिली. तो गेम आनंदी आहे, पण त्याला ती धार नाही.

अर्थात नुसतं कडेला ठेवलं की काम भागलं, असं नाही. कित्येक गेममध्ये खेळाडू हा निव्वळ निरोप्या असतो : इथून पत्र घे, तिथे पोचव, राजाचं भाषण ऐक. कडेच्या माणसाचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलेलं हवं, नाहीतर ती हमाली होते.

झेक प्रजासत्ताकातल्या वॉरहॉर्स स्टुडिओचा 'किंग्डम कम : डिलिव्हरन्स' (२०१८) या कसोटीला जवळजवळ पूर्ण उतरतो. काळ १४०३, देश बोहेमिया. राजा व्हेन्सेस्लास कैदेत आहे आणि त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड मुलूख जाळत निघाला आहे. हे इतिहासातलं. आपण हेन्री, स्कालिट्झ या चांदीच्या खाणीच्या गावातल्या लोहाराचा मुलगा. हे कल्पनेतलं. गाव बेचिराख होतं, आईबाप मारले जातात. बापाने सरदार राडझिगसाठी घडवलेली तलवार हेन्रीच्या हाती येते आणि लुटली जाते. ती परत मिळवून ज्याची त्याला द्यायची, या ध्यासावर तो जगतो. त्याला वाचताही येत नाही. पुस्तक उघडलं की पडद्यावर अक्षरं उलटसुलट होऊन येतात. लेखनिकाकडे जाऊन शिकल्यावर ती हळूहळू जागेवर बसतात. बखरी ज्यांच्याबद्दल लिहिल्या जात नाहीत त्यांना बखर वाचताही येत नसे, हे सत्य मी इतक्या थेटपणे दुसरीकडे अनुभवलेलं नाही.

आणि मग हा गेम कच खातो. हेन्री हा राडझिगचाच अनौरस मुलगा निघतो. इतक्या मेहनतीने लोहाराच्या पोराला इतिहासाच्या मध्यातून चालवत आणलं, आणि शेवटी त्याच्या धैर्याला उच्च रक्ताचा दाखला जोडला. मला याचा राग येतो. कर्णाच्या कथेत हाच तपशील शोकान्तिका होतो, कारण तो कळल्याने सगळं अधिकच अवघड होतं. हेन्रीचं यामुळे सोपं होतं.

जपानी निर्माते इथे अधिक निर्भय निघाले. 'लव्ह-दे-लिक'च्या 'मून'मध्ये (१९९७) एक मुलगा टीव्हीवर खेळत असलेल्या गेमच्या आत ओढला जातो. तिथे नायक आधीच हजर आहे. चिलखत घातलेला हा वीर लोकांच्या घरांत घुसून कपाटं उचकतो आणि दिसेल तो प्राणी मारतो. आपण हे सारं नायक म्हणून हजारदा केलेलं असतं. आता आपण कोणाला न दिसणारा पोरगा आहोत. एक दृष्टिहीन आजी आपल्याला तिचा गेलेला नातू समजून कपडे देते. वीर पुढे निघून गेला की मागे पडलेल्या प्राण्यांच्या आत्म्यांना आपण सोडवायचं आणि त्यातून प्रेम गोळा करायचं. लढाई नाहीच.

त्याच्याही आधी, १९९० मध्ये, युजी होरी यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट ४' पाच प्रकरणांत मांडला आणि नायकाला थेट पाचव्यात आणलं. तिसऱ्या प्रकरणात आपण तोर्नेको असतो, लठ्ठसा, बायकोने बांधून दिलेला डबा घेऊन शस्त्रांच्या दुकानात कामाला जाणारा. गिऱ्हाईक येतं, भाव ठरतो, दिवस जातो. पाचव्या प्रकरणात नायक येतो आणि आधी खेळलेली ही सारी माणसं त्याला येऊन मिळतात. पण आता मूळ आवृत्तीत त्यांना हुकूम देता येत नाही. फार तर धोरण सांगता येतं, लढतात ती आपल्या मर्जीने. तोर्नेको तर भर लढाईत भलतंच काही करून बसतो. काल जो 'मी' होता तो आज दुसरा माणूस झालेला असतो, स्वतःचं डोकं असलेला. खेळाडूंनी कुरकुर केली आणि पुढच्या नव्या आवृत्त्यांमध्ये सगळ्यांना थेट हुकूम देण्याची सोय आली. मला अजूनही जुनाच तोर्नेको हवा आहे, न ऐकणारा.