सोडण्याचं बळ

खुलताबादचा भद्रा मारुती निजलेला आहे. उड्डाणाचा आवेश नाही, उगारलेला हात नाही. शेंदूर ल्यालेली मूर्ती आडवी पहुडलेली. राजा भद्रसेनाचं रामभजन ऐकता ऐकता मारुतीची भावसमाधी लागली, अशी आख्यायिका आहे. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून माणसं रात्रभर पायी चालत, दौलताबादचा घाट चढून त्याच्या दर्शनाला येतात. बळाच्या दैवताला असं सैल, विसावलेलं रूप लाभावं, यात मला शरीराचं एक सत्य दिसतं.

घाट चढणाऱ्याची पोटरी पाहा. टाच उचलली जाते तेव्हा ती टणक होते, त्याच वेळी नडगीजवळचा स्नायू माघार घेतो. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून एकाने ओढायचं तर समोरच्याने सैल व्हायचं. जोडीदार अडून बसला, तर पाऊल पुढे पडणार नाही.

आत, तंतूंच्याही आत शिरलं की हीच गोष्ट पुन्हा भेटते. प्रत्येक स्नायुतंतूत सुमारे अडीच सहस्रांश मिलिमीटर लांबीचे कप्पे ओळीने मांडलेले असतात. त्यांत मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे बारीक धागे एकमेकांत शिरलेले. स्नायू आखडतो तेव्हा धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी १९५४ साली हे स्वतंत्रपणे मांडलं. मायोसिनची इवलाली डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुढे पुन्हा धरतात. विहिरीतून पोहरा ओढताना हात दोरावरची पकड सोडून खाली सरकतो आणि पुन्हा धरतो, तसंच. धरूनच बसलं तर पाणी वर येत नाही.

एटीपी नावाचं इंधन मायोसिनला येऊन चिकटतं, तेव्हाच त्याची पकड सुटते. आखडण्याचा इशारा देणारं कॅल्शियम पुन्हा कोठारात भरायलाही हेच इंधन लागतं. म्हणजे सैल होणं फुकट नाही. शरीर त्याची किंमत मोजतं. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठतो, तो जोर आल्यामुळे नव्हे. धरलेलं सोडण्यापुरतंही इंधन उरलेलं नसतं. ज्याला आपण निर्जीव ताठरपणा म्हणतो, ती न सुटलेली पकड असते.

सैल होणं गरजेचं असतं, हे हृदयाच्या बाबतीत अधिकच खरं आहे. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आखडणारा हा स्नायू साऱ्या देहाला रक्त पुरवतो. पण आखडताना त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. डाव्या कप्प्याच्या जाड भिंतीला रक्त पोहोचतं ते मुख्यतः ती सैल पडते तेव्हा. ठोके फार वाढले की कात्री लागते ती आधी या विसाव्याच्याच वेळेला.

आपण माणसाचं बळ त्याच्या पकडीवरून जोखतो, मुलांनाही घट्ट धरायलाच शिकवतो. विसावा मात्र काम संपल्यावर उरला तर द्यायची बक्षिसी समजतो. शरीराचा हिशेब निराळा आहे. त्याने विसावा कामाच्या आतच, दर ठोक्यात आणि दर पावलात बसवला आहे, आणि पुढचं पाऊल उचलण्याची ताकद तिथूनच येते.